निगेटिव्ह धुणारी

मालवणच्या बाजारात वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. आम्ही दोघी मुली त्यांच्या हाताखाली. थोरलीला डार्करूम मिळाली, मला विहीर.

ती आत दार लावून फिल्म डेव्हलप करायची. डेव्हलपर चहासारखा तांबूस झाला की फेकायचा, हे ठरवणंही तिचंच. बाहेर अशा तोऱ्यात यायची, जणू फोटोतली नवरानवरी तिनेच जन्माला घातली. मग ओली फिल्म माझ्या स्वाधीन. हायपोच्या रसायनात पक्की झालेली फिल्म धुवायची म्हणजे बादलीमागून बादली पाणी ओढून बदलत राहायचं. विहिरीत टाकायचं पोटॅशियम परमँगनेट घरात असायचंच. त्याच्या गुलाबी पाण्यात फिल्मवरून निथळलेले थेंब टाकायचे. रंग उडाला तर हायपो उरलाय, परत पाणी ओढ. लोक फोटो बघून म्हणायचे, "थोरलेच्या हाताक गुण आसा." धुण्याचं कौतुक कोणी करत नाही. भांड्यांचंही करत नाहीत.

यंदा कुडाळच्या कॉलेजातल्या एक प्राध्यापक बाई निगेटिव्हची ट्रंक बघायला आल्या. त्यांना वाचनालयात प्रदर्शन भरवायचं होतं.

"इतक्या वर्षांनी, या दमट हवेत, इतक्या स्वच्छ! कोणी केल्या?"

"मीच," बहीण म्हणाली.

पन्नाशी उलटली तरी मला राहवलं नाही. "आणि धुतल्यो कोणी?"

"पाणी ओढूक काय अक्कल लागता?" ती हसली. "अजून जळतंस गो?"

"जळतंय," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात बाईंच्या हाती एक पाकीट लागलं. आतल्या पट्ट्या पिवळट तपकिरी, चेहरे विरत चाललेले.

"खारो वारो," बहीण घाईने म्हणाली.

बाईंनी मान हलवली. "वारा असता तर ट्रंकेतल्या सगळ्याच गेल्या असत्या. यांत हायपो राहिलाय. नीट धुतल्याच नाहीत."

मला हसू आवरेना. मग पाकिटावरचं वडिलांचं अक्षर वाचलं. माझ्या लग्नाचा रोल होता. त्या दिवशी मी विहिरीवर नव्हते, बोहल्यावर होते.

"लग्नघरात पाणी कोण ओढतला?" बहीण पुटपुटली. "ठेव ता बाजूक. तुझोच फोटो, बरो दिसाचो नाय."

खरंच दिसला नसता. पण बाजूला ठेवला तर भिंतीवर नुसते स्वच्छ फोटो लागणार आणि सगळं गाव पुन्हा तिचाच हात वाखाणणार. लावला तर माझं डागाळलेलं लग्न चारचौघांत दिसणार. नवऱ्याचा अर्धा चेहरा डागाखाली गेला होता. तो घरी रोज दिसतो, त्याची काही टंचाई नाही.

"हा पहिला लावा," मी बाईंना सांगितलं.

"खाली काय लिहू?"

"डेव्हलप केला थोरल्या मुलीने. धुतला कोणीच नाही."

बाईंनी तसंच लिहिलं. शेजारच्या स्वच्छ फोटोखाली आम्हा दोघींची कामं लिहिली. उद्घाटनाला बहिणीने ते उभ्याने वाचलं.

"झाला समाधान?"

"झाला."

ती पुढे गेली आणि अंधारात फिल्म कशी गुंडाळायची ते हातवारे करून सांगू लागली. लोक तिच्याभोवतीच जमले. मी कोपराने वाट काढत मध्ये शिरले.

"आता पाण्याचं ऐका," मी म्हटलं.