उरल्याच्या मिलमधले पिक्चर आणि पाळणे

आमच्या मिलच्या खिडक्या सकाळी पुसा, दुपारी बोटानं नाव लिहिता येईल इतकी काळी धूळ बसलेली असते. किस्स्यांचंही तसंच आहे. कोणी मुद्दाम जमवत नाही. साचतात!

मी रायपूरजवळ उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात एका स्टील मिलमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे. तिथं लोखंड वितळवायची भट्टी आहे, सळया काढायची रोलिंग आहे, दिवसभर ट्रक आहेत आणि एक बारकी कॅबिन आहे. त्या कॅबिनमध्ये आम्ही चौघं डबा खातो. गजभिये दादा क्रेन चालवतात. साहू भैया भट्टीवर फोरमन. रेखा मेश्राम काट्यावर, म्हणजे ट्रकचं वजन होतं तिथं. आणि मी.

डबा खाताना कामाबद्दल बोलायचं नाही, असा आमचा नियम. कोणी लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. कामाबद्दल बोलायला लागलं की कोणाचा तरी हात, कोणाचा तरी डोळा आठवतो आणि भाजी थंड होते. म्हणून मग पिक्चर, सिरियल, मेळ्यातले पाळणे, वॉटर पार्क. एकेकाची मतं अशी ठाम की विचारू नका!

*

गजभिये दादांना नवरात्रातल्या मेळ्यात त्यांच्या बायकोनं आकाशपाळण्यात बसवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही विचारलं, "कसा होता?"

"बंडल! वर जाऊन बसाले मले कंपनी पगार देते. तिथं आपणच तिकीट काढाचं?"

आम्ही हसलो, विषय संपला. पुढं त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा वहिनींनी खरं काय ते सांगितलं. पाळणा वर असताना लाइट गेली आणि यांचा डबा नेमका सगळ्यात उंचावर अडकला. वहिनींनी डोळे गच्च मिटून दादांचा हात धरला. बराच वेळ गेला. मग त्यांनी हळूच खाली पाहिलं. माणसं मुंगीएवढी. हात हलवून काहीतरी सांगून राहिली, पण वर काही ऐकू येईना.

वहिनी म्हणाल्या, "तुमी रोज असेच बसता?"

दादा म्हणाले, "असं नाई. तिथं खालून आच लागते. अन् हात धराले कोणी नसते."

हे सांगताना वहिनी पोळ्या लाटत होत्या. लाटता लाटता थांबल्या आणि आतून लोणचं आणायला गेल्या. लोणचं तर ताटात होतंच!

*

साहू भैयांचं मत असं की पिक्चर पाहावा तर मारधाडीचा, बाकी सब टाइमपास. एकदा त्यांनीच आग्रह केला म्हणून आम्ही सगळे मॉलमध्ये गेलो. पॉपकॉर्नची मोठी बादली भैयांच्या मांडीवर.

शेवटची मारामारी निघाली स्टील प्लांटमधली! वर क्रेन, क्रेनला लेडल, म्हणजे वितळलेलं लोखंड नेतात ती मोठी बादली. हिरो साखळीला लटकतोय, व्हिलन खाली. लेडल तिरपी झाली. व्हिलन लाल रसात बुडता बुडता हात वर करून आपल्या पापांचा हिशेब देतोय, हिरोला शाप देतोय, आईची आठवण काढतोय. सगळं थिएटर शिट्ट्या वाजवतंय.

 आदल्या उन्हाळ्यात आमच्याकडे लेडल उलटली होती. भैयांच्या शिफ्टचा बिसन त्यात गेला. त्याच्या घरच्यांना न्यायला जे मिळालं ते एका छोट्या पेटीत मावलं होतं.

भैयांनी पॉपकॉर्न शेवटपर्यंत खाल्लं. बाहेर आल्यावर मी घाबरतच विचारलं, "भैया, कैसा लगा?"

ते म्हणाले, "सब ठीक था मैडम. पर डायलॉग बहुत लंबा था. उतना टाइम नहीं मिलता."

*

आमच्या अकाउंट्सला तामस्कर काका होते, रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातले. आता रिटायर झाले. त्यांच्या मते सिनेमा त्यांच्या घराजवळचं टॉकीज बंद पडलं त्या दिवशी मेला. त्या टॉकीजचा आता मॅरेज हॉल झालाय. तिथंच त्यांच्या पुतणीचं लग्न लागलं आणि पुढच्या वर्षी मोडलं. मी भेटायला गेले तर काका ओसरीवर पेपर घेऊन बसलेले.

म्हणाले, "जागाच तशी आहे. पूर्वी तिथं निदान तीन तासांत कळायचं, शेवट वाईट आहे म्हणून!"

*

कंपनीनं एकदा सगळ्यांना वॉटर पार्कला नेलं. भट्टीवाल्यांची बस आधी पोचली. पूलच्या तोंडाशी शिट्टी घेतलेला गार्ड उभा. "शर्ट पहन के नहीं जा सकते. कॉस्च्युम कंपल्सरी है."

साहू भैया म्हणाले, "रहने दो ना भाई."

"रूल है सर."

भैयांनी शर्ट काढला. मागोमाग त्यांच्या भट्टीवरच्या सगळ्या पोरांनी काढले. छातीवर, पाठीवर, दंडावर जुन्या ठिणग्यांचे डाग. एकाची तर अर्धी पाठ मेणासारखी. गार्डची शिट्टी ओठातच राहिली. हे लोक पाण्यात उतरले तशी एका बाईनं आपली पोट्टी ओढून बाहेर घेतली. मग दुसरीनं. मग एक अख्खं कुटुंब टॉवेल गुंडाळून निघालं. बघता बघता पूल रिकामा.

भैया मध्यभागी उभे. छातीभर पाण्यात. मला काठावर पाहून त्यांनी दोन्ही हात पसरले, "देखिए मैडम! पूरा पूल अपना. वीआईपी!"

*

रेखा मेश्राम एकटीच पिक्चरला जाते. तिच्या घरी सासू-सासरे, दीर, जाऊ, तिची लहान मुलगी. नवरा गेल्यापासून घरात रडायची सोय नाही. सासू लगेच म्हणते, "पोरीसमोर नको." म्हणून ही शनिवारी ड्युटी सुटल्यावर शहरात पंडरी भागातल्या मॉलमध्ये जाते आणि मुद्दाम कॉमेडी पिक्चरचं तिकीट काढते.

मी विचारलं, "अगं, रडायला कॉमेडी काहून?"

"मॅडम, सॅड पिक्चरमध्ये बाजूची बाई पण रडून राहते. मंग आपलं रडणं आपलं राहात नाही. कॉमेडीत सगळे हसते. कोणाचंच लक्ष नसते."

मग म्हणाली, "परवाचा पिक्चर मात्र बेकार निघाला."

"का? काय झालं?"

"मलेच हसू आलं!"

*

आता सुधाकरचं सांगते. सुधाकर म्हणजे या रेखाचा नवरा, आमच्याच मिलमध्ये फिटर होता. त्याला नाटकाचं भारी वेड. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात त्याचं काम ठरलेलं.

मॅनेजमेंटनं नव्या कामगारांसाठी सेफ्टीची फिल्म काढायची ठरवली आणि हिरो म्हणून सुधाकरला उभं केलं. फिल्ममध्ये तो हेल्मेट न घालता शेडमध्ये शिरतो. वरून लोखंड पडतं. सुधाकर असा काही कोसळतो की पहिल्यांदा पाहणारा हमखास दचकतो! थोडा वेळ पडून राहतो. मग डोळे उघडतो, उठतो, पँट झटकतो, डोक्यावर हेल्मेट चढवतो आणि कॅमेऱ्याकडे बघून हसतो, "दोस्तांनो, मी पिक्चरमध्ये मेलो. तुम्ही खरंच मरू नका!"

मिलमध्ये या फिल्मवर खूप चर्चा झाली. "हिरोईन नाही." "एक तरी गाणं पाहिजे होतं." गजभिये दादांनी तर सुधाकरला तोंडावर सांगितलं, "मरतो चांगला, पण उठताना ओव्हरॲक्टिंग करतो!"

एका सकाळी मोटरसायकलवर शिफ्टला येताना उरल्याच्या रस्त्यावर मागून ट्रक आला. सुधाकर जागीच गेला. डोक्यात हेल्मेट होतं. पट्टाही लावलेला होता.

रेखाला मग काट्यावर काम दिलं. फिल्म बदला म्हणून मी वर सांगितलं, तर म्हणाले, पाहू. त्यामुळे नवे लोक आले की सुधाकर पडायचा, उठायचा, आणि नवे लोक टाळ्या वाजवायचे.

एका दुपारी ट्रेनिंगची खोली रिकामी होती. रेखा दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, मले दाखवता का?"

मी दार लोटलं आणि फिल्म लावली. ती पहिल्या रांगेत बसली, मांडीवर डब्याची पिशवी. सुधाकर शेडमध्ये शिरला, पडला, पडून राहिला. रेखा हलली नाही. मग तो उठला, हसला, बोलला. फिल्म संपली.

"मॅडम, मागे घ्या ना."

मी सुरुवातीला नेऊन लावली.

"नाही, नाही! पडते ते नको. उठते तेवढंच लावा."

मी तेवढंच लावलं. पुन्हा लावलं. बाहेर काट्यावर ट्रकवाले हॉर्न वाजवून राहिले होते. मी उठले नाही, तीही उठली नाही.

*

आणि हा शेवटचा.

या हिवाळ्यात मीना बाजार लागला होता. माझी भाची पिहू नागपूरहून आली होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीत. "मौसी, भूत बंगला! प्लीज!" संध्याकाळची वेळ, खारे दाणे विकणारे, फुगे, कर्कश गाणी. मला हे भूत बंगले वगैरे मुळीच आवडत नाहीत. तिकीट काढून घाबरायचं, ही कल्पनाच मला पटत नाही. पण भाचीपुढं काय चालतं!

दारात मालक स्टुलावर बसलेला, मफलर गुंडाळून. आत काळे पडदे, प्लास्टिकचे सांगाडे, काथ्याची जाळी. एक चेटकीण होती, तिच्या पायात स्पोर्ट्स शूज. पिहू हसत सुटली. "मौसी, एकदम बकवास है!"

शेवटच्या वळणावर लाल बल्ब होता. पडद्यामागून एक माणूस आला. केस तोंडावर, शर्ट रक्तानं भरलेला. त्यानं उजवा हात पिहूच्या तोंडासमोर आणला. हात मनगटाशी संपत होता. पिहूनं किंकाळी फोडली आणि बाहेर धूम ठोकली.

मी तिथंच उभी. लाल रंग फासला होता तरी ते मनगट मी ओळखलं. त्या दिवशी त्याला टॉवेल मीच गुंडाळला होता.

"मनहरण?"

भुतानं केस मागं केले. "अरे! नमस्ते मैडम!"

मनहरण आमच्या सळया कापायच्या मशीनवर होता. हात गेल्यावर भरपाई घेऊन गावी गेला, एवढंच मला माहीत होतं. दोघंही त्या लाल उजेडात उभे.  मी विचारलं, "घर में सब ठीक?"

"हव मैडम, सब बने-बने, बढ़िया. आप?"

"ठीक है." मग काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "इथे... यहाँ अच्छा है?"

"अच्छा है. बाकी लोगों को मेकअप में टाइम लगता है. मेरा तो बस रंग लगाना है." तो हसला. "मालिक बोलता है, तेरे जैसा पूरे मेले में नहीं है."

बाहेरून कोणीतरी पत्र्यावर थाप मारली. मनहरणचं हसू गेलं. त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मैडम, थोड़ा चिल्लाइए ना."

"काय?"

"मालिक बाहर से सुनता है. एक ही बच्ची की आवाज गई है. दो टिकट था ना."

पत्र्यावर पुन्हा थाप पडली. मनहरणनं केस परत तोंडावर ओढले, दोन पावलं मागं सरला आणि तो हात वर करून माझ्यासमोर धरला.

मी तोंड उघडलं.   मी ओरडले. पुन्हा ओरडले. पडदे हलले, मागची चेटकीण धावत आली, बाहेरून पिहू "मौसी! मौसी!" करून राहिली, आणि मला काही केल्या थांबता येईना.

मनहरणनं हात खाली घेतला. जवळ आला.

"बस मैडम," तो म्हणाला. "बस. सुन लिया उसने."