फोनला सांगितलेलं नाव

"हात लावू का तुले?" असं ती आधी फोनलाच विचारायची. मग उजव्या हाताचं बोट पदराला नीट पुसायची आणि तवा तापला का पाहावं तसं हळूच पडद्याला टेकवायची. एवढ्या आदबीनं विचारल्यावर कोणीही ओ दिली असती. फोन देत नसे.

अकोल्याच्या जुन्या शहरात, एका देवळामागच्या खोलीत आम्ही म्हाताऱ्या बायांसाठी मोबाइलचा वर्ग चालवतो. आम्ही म्हणजे मी. बाकीच्या मैत्रिणी सुरुवातीलाच पांगल्या. जन्मभर शाळेत पोरांवर ओरडले, आता त्यांच्या आज्यांवर ओरडते. ती त्यांतलीच एक, देवळासमोर नवऱ्यासोबत फुलांचं दुकान लावायची. हार ओवून आणि सदा पाण्यात राहून तिची बोटं इतकी गुळगुळीत झाली होती की पडदा त्यांना ओळखतच नसे. रेशनच्या दुकानातल्या अंगठ्याच्या मशीननंही तिच्यापुढे हात टेकले होते.

एकदा वर्ग चालू असताना तिला मोर्शीहून भासऱ्यांचा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचा, व्हिडिओ कॉल आला. मी तो उचलून दिला. समोर भासरे दिसताच ती ताडकन उभी राहिली, डोक्यावरून पदर ओढला आणि फोन सतरंजीवर उताणा ठेवून दिला. भासरे बराच वेळ छताकडे पाहत बोलत होते.

"फॅन चांगला हाये तुमच्याइकडचा," ते शेवटी म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, तोंड दाखवा ना त्यांना."

"त्याइले कसं दाखवू? आजपावतर नाई दाखवलं."

हसू नका. तिला फोन काही गंमत म्हणून शिकायचा नव्हता. नवरा विसरायला लागला होता. फुलं आणायला निघायचा आणि बाजार मागे टाकून चालतच राहायचा. नागपूरच्या मुलानं बापाच्या गळ्यात एक साधा बटणांचा फोन अडकवला होता. तो वाजला की म्हातारा कुठलंही बटण दाबून बोलायचा. प्रश्न फक्त तिनं फोन लावण्याचा होता. बोटं चालत नाहीत, वाचता येत नाही. मग मी तिला बोलून फोन लावायला शिकवायचं ठरवलं. बाजूचं बटण दाबून धरायचं आणि नाव सांगायचं. इतकं सोपं.

तिनं बटणावरचं बोट काढून घेतलं. सगळा वर्ग माझ्याकडे पाहायला लागला.

"मालकाचं नाव घ्यावं लागते?" तिनं विचारलं. "आयुष्य घटते नं त्याइचं."

"असं काही नसतं."

"तुमी घेता?"

"घेते की. चांगलं ओरडून घेते."

"मंग त्याइची तब्येत कशी हाये?"

आमच्या ह्यांना बीपी आहे, शुगर आहे. मी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी ती खुशीत आली. रात्रभर विचार करून तिनं वाट काढली होती. उखाण्यात नाव घेतलेलं चालतं ना! बटण दाबून, मान किंचित खाली घालून तिनं फोनपुढे उखाणा घेतला, "मोगऱ्याच्या हाराले निशिगंधाची जोड, अमुकरावाचं नाव घेतो, बोलनं त्याइचं गोड." (खरं नाव मी इथं लिहीत नाही. तिनं इतकं जपलेलं, मी कशाला कागदावर सांडू?) फोननं घटकाभर विचार केला आणि मोगऱ्याची रोपं दाखवली. घरपोच.

"याले उखाणाच समजत नाई, मंग काय फोन हाये हा," ती म्हणाली.

मी म्हटलं, फोनमध्ये साठवलेलं ते नाव पुसून दुसरं काहीतरी टाकू. 'घरचे' म्हणा, 'मालक' म्हणा. पण तिनं फोन मागे ओढला. "राहू द्या. वाचता नाई येत मले, पन थे त्याइचं नाव हाये. दिसते नं मले." आता या बाईपुढे काय बोलावं? घ्यायचं नाही, पण पुसायचंही नाही. मी चिडले आणि चहा मागवला.

हिवाळ्यात दोघं वलगावला भाचीच्या लग्नाला निघाली. अमरावतीच्या बसस्टँडवर ती पाण्याची बाटली भरायला उठली. परत येते तर बाकावर पिशवी होती, नवरा नव्हता. चारदोन माणसं जमली. "आजी, द्या इकडं, मी लावून देतो," म्हणत हात पुढे आले. पण अनोळखी माणसाच्या हातात फोन द्यायचा नाही, हे मीच वर्गात घोकून घेतलं होतं. ती फोन छातीशी धरून कोपऱ्यात गेली. आधी उखाणा घेतला. मोगरा आला. पुन्हा घेतला. पुन्हा मोगरा.

"मंग उखाण्याबिगर सुदंच घेतलं नाव," तिनं मला नंतर सांगितलं. सांगतानाही तिनं तोंडावर पदर धरला होता.

नवऱ्यानं फोन उचलला. "मी इथंच हावो. तूच कुठी गेली?" त्याच्या बाजूच्या संत्रेवाल्यानं फोन घेऊन जागा सांगितली. दोघं लग्नाला पोचली, जेवली, परत आली.

उन्हाळ्यात तो गेला. घरीच.

मी भेटायला गेले. असं काही नसतं, हे मला पक्कं माहीत आहे. तरी तिच्यासमोर बसल्यावर ते तोंडून निघेना. तिनंच विषय काढला.

"नाव घेतलं. घटलंच असन आयुष्य. मी नाई म्हनत नाई."

तिनं नाही म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

"पन बाई, थे तिकडंच राहले असते तं? कोनाचा कोन म्हनून. जेवढं उरलं तेवढं घरी उरलं. माह्या मांडीवर गेले थे."

आणि तिनं माझा हात धरला. तो मला दोष देऊन धरला की माफ करून, की नुसताच, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही. मी मात्र रडले, भेटायला आलेल्या बाईनं रडू नये इतकी.

पुढे मुलगा तिला नागपूरला घेऊन गेला. देवळासमोर आता दुसरंच कुणीतरी हार विकतं. वर्ग चालूच आहे, नव्या आज्या येतात. बोलून फोन लावायचा धडा आला की त्यांच्यातली एखादी नवऱ्याच्या नावापाशी अडते, इकडेतिकडे बघते. मी आता ओरडत नाही. बाकीच्यांना बाहेर काढते, दार ओढून घेते आणि चपलांजवळ उन्हात उभी राहते. तिनं आत काय म्हटलं ते मी विचारत नाही.