तिसऱ्या फोटोतली गुळवेल

भोपाळमधल्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये माणसं कमी आणि झाडं जास्त अशी वेळ आली, तेव्हा मी तिथल्या झाडांवर शोधनिबंध लिहायला घेतला. कारखान्यातली भरती आटत गेली, जुने लोक निवृत्त होऊन मुलांकडे गेले आणि आमच्या मागच्या क्वार्टर्सच्या ओळी एकेक करून बंद पडल्या. दारं विटांनी बुजवलेली, खिडक्यांच्या चौकटी कुणी काढून नेलेल्या. झाडं मात्र जागच्या जागी होती. केरळच्या कुटुंबाने लावलेला अडुळसा, बंगाली बाबूंच्या बायकोने पोरांच्या पोटासाठी जपलेला कालमेघ, सगळं बेवारशी वाढत होतं. कोणत्या घरात कोणती वनस्पती कशावर औषध म्हणून वापरत, हे ती घरं मोडायच्या आत लिहून ठेवावं, एवढाच माझा विचार होता.

माझं माहेर शिवाजी नगरच्या सरकारी क्वार्टरमधलं. वडिलांची सरकारी कचेरी नागपूरहून भोपाळला हलली, तिच्याबरोबर ते इथे आले. लग्नानंतर मी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आले आणि शहरातल्या एका कॉलेजात बॉटनी शिकवू लागले. पेपरात माझ्यासोबत सहलेखक म्हणून माझे जुने गाइड होते. सर निवृत्त होऊन अरेरा कॉलोनीत राहत. डोळे अधू झाले होते, पण वाळलेलं पान बोटांनी चाचपून त्याचं कुळ सांगत.

मागच्या ओळीत शेवटच्या क्वार्टरमध्ये एक काकू राहत. त्या वर्ध्याकडच्या, काका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. मुलगा परदेशी. त्यांच्या आजूबाजूची घरं रिकामी होती, तरी त्यांनी क्वार्टर सोडलं नव्हतं. टाउनशिपमधल्या वनस्पतींची जितकी माहिती मला मिळाली, तिच्यातली बरीचशी काकूंच्या ओट्यावर बसून. त्यांच्या मागच्या अंगणात कडुनिंबावर चढलेली गुळवेल होती, इकडे जिला गिलोय म्हणतात ती. काकू तिच्या खोडाचा काढा करत. मी त्या वेलीचा तुकडा वर्तमानपत्रात दाबून वाळवला, जाड कागदावर टाचला, सरांनी तपासला, आणि आमच्या तक्त्यात नोंद गेली: गुळवेल, खोड, काढा, ताप, कावीळ, सांधेदुखी.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शेजारची रिकामी ओळ पाडायला ठेकेदाराची माणसं आली. बुलडोझरने भिंतीबरोबर कडुनिंबही लोळवला आणि वेल त्याच्याखाली गेली. काकू दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. मग सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी त्यांना नर्सरीतून आणलेल्या गिलोयचा तुकडा दिला. लॉकडाउनच्या दिवसांतली साथ नुकतीच ओसरली होती आणि त्या काळात गिलोय घरोघरी पोचली होती. काकूंनी तो तुकडा अर्धवट पाडलेल्या भिंतीच्या कडेला खोचला.

ती वेल फार वेगाने वाढली. पावसाळा संपता संपता तिने भिंत झाकली, चौकट नसलेल्या खिडकीवरून ती छपरावर गेली आणि तिथून काकूंच्या कपड्यांच्या तारेवर उतरली. काका रोज सकाळी तिला तारेवरून सोडवत आणि संध्याकाळपर्यंत ती पुन्हा तारेला टेकलेली असे.

पेपर आम्ही एका जर्नलकडे पाठवला. पाठवणं म्हणजे काय याची कल्पना बाहेरच्यांना नसते. संदर्भांतला स्वल्पविराम आणि पूर्णविराम त्यांच्या पद्धतीने लावायचा, प्रत्येक ओळीला क्रमांक द्यायचा, माहिती देणाऱ्या प्रत्येकाची संमती जोडायची, मग पोर्टलवर फाइल चढवायची आणि ती मध्येच अडकली की पुन्हा पहिल्यापासून. नंतर महिनोन् महिने त्या पोर्टलवर एकच ओळ दिसत राहते, की तपासणी चालू आहे. शेवटी उत्तर आलं. पेपर तपासणाऱ्या दोन परीक्षकांनी मोठ्या सुधारणा सुचवल्या होत्या. दुसऱ्या परीक्षकाचं म्हणणं, मुख्य वनस्पतींचे वापराच्या जागीच काढलेले फोटो हवेत.

मी काकूंकडे गेले तेव्हा ढग दाटून आले होते आणि उजेड जेमतेम होता. काकू ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. एरवी मला पाहून आधी चहाचं आधण ठेवणारी बाई जागची हलली नाही.

"बरं वाटत नाही का, काकू?"

"अन्नावर वासनाच नाही गं. सारं अंग खाजते. पित्त झालं असंल." मग हसून म्हणाल्या, "काढा वाढवला आहे मी. दोन्ही टाइम घेतो. आता लई कडू लागते माय. पहिलीचा इतका कडू नव्हता."

"मग कशाला घेता?"

"कडू आहे म्हणूनच तर असर करते."

थेंब पडायला लागले. मी घाईने फोटो काढले. एका फोटोत काकूंनी वेलीचं खोड हातात धरलं होतं. बोटाएवढं जाड, हिरवट करडं, त्याच्यावर पुटकुळ्यांसारख्या गाठी. जुनं खोड खडबडीत होतंच, असं तेव्हा मनात आलं आणि गेलं. तो फोटो पेपरात तिसरा लावला आणि सुधारलेला मजकूर पाठवून दिला.

त्यानंतर काकू ओट्यावर दिसेनाशा झाल्या. विचारलं की काका म्हणत, झोपली आहे. एकदा भाजीच्या ठेल्यावर भेटले तेव्हा म्हणाले, "पीलिया झालाय म्हणतात. डोळे पिवळे दिसताहेत."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवू. सध्या पथ्य चालू आहे. तेल, तूप बंद. अन् गुळवेल तर काविळीवरचीच आहे. तुमच्याच पेपरात तसं लिहिलं आहे ना?"

त्यांनी हे अगदी विश्वासाने विचारलं. मी हो म्हटलं, पण डॉक्टरांकडे आजच जा, असंही म्हटलं. ते मान हलवून गेले. त्यांच्या हातातल्या पिशवीत मुळा आणि ऊस होता.

पुढच्या आठवड्यात दुपारी, दोन प्रॅक्टिकल्सच्या मधल्या वेळात, जर्नलचा ईमेल आला. मी कॉलेजच्या लॅबमध्ये उभ्याउभ्याच उघडला. पहिल्या परीक्षकाचं समाधान झालं होतं. दुसऱ्याने भाषेच्या दोन चुका दाखवल्या होत्या आणि खाली वेगळा परिच्छेद होता. त्याचा मतलब असा: तिसऱ्या फोटोतली वेल आणि तुमच्या वाळवलेल्या नमुन्यातली वेल एक नाही. नमुना गुळवेलीचा आहे. फोटोतलं गाठीगाठींचं खोड तिच्याच कुळातल्या दुसऱ्या जातीचं दिसतं, आणि त्या जातीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. फोटोतल्या बाई ही वेल पोटात घेत असतील, तर लेखकांनी मला उत्तर लिहिण्याआधी त्यांच्या घरी जावं.

हा माणूस कोण, कुठल्या गावचा, मला आजही माहीत नाही. परीक्षकांची नावं लेखकांना कळत नाहीत. पण ते वाक्य वाचून मी तशीच लॅबबाहेर आले. काकूंना फोन लावला, वाजत राहिला. काकांचा बंद. मी विद्यार्थिनींना तसंच सोडून स्कूटर काढली.

शिफ्ट सुटायची वेळ होती. कारखान्याच्या गेटमधून स्कूटर, सायकली, बस यांचा लोंढा बाहेर पडत होता आणि मला त्याच्या उलट टाउनशिपकडे जायचं होतं. टाउनशिपच्या आतल्या रस्त्यावर मात्र चिटपाखरू नव्हतं. मागच्या ओळीकडे वळले तेव्हा आधी वेलच दिसली. तिने काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळीही झाकून टाकली होती.

दार नुसतं लोटलेलं. आत काका गॅसपाशी उभे, पातेल्यात काढा उकळत होता. कडवट वास घरभर पसरलेला. काकू पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी हाक मारली तशा त्या वळल्या. त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे होते.

"काका, तो गॅस बंद करा. हा काढा त्यांना द्यायचा नाही."

"अहो, ह्याच्यावर तर ती..."

"ही गुळवेल नाही. दुसरीच वेल आहे. हिनेच झालंय हे."

काका पातेल्याकडे पाहत राहिले. "ती आयुष्यभर पीत आली आहे," ते म्हणाले. "तिच्या आईनेसुद्धा दिली आहे तिला."

"ती वेल बुलडोझरखाली गेली, काका. ही वेगळी आहे."

त्यांना ते पटलं असं नाही. पण त्यांनी गॅस बंद केला आणि हात धोतराला पुसत तिथेच खाली बसले. मी मागे जाऊन वेलीचा एक तुकडा कापला, पिशवीत घातला. शेजाऱ्यांपैकी बोलवावं असं त्या ओळीत कुणी उरलंच नव्हतं. रिक्षा मिळेपर्यंत मी काकूंना धरून रस्त्याच्या कडेला उभी होते. त्यांचा भार माझ्या खांद्यावर होता आणि त्या पुन:पुन्हा विचारत होत्या, "कोठी नेऊन राहिली मले?"

कारखान्याच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. त्यांनी तुकडा पाहिला, माझ्या मोबाइलमधला ईमेल वाचला आणि काकांना विचारलं, "आंटी को ये कब से पिला रहे हैं?" काकांनी सांगितलं. बाईंनी मान खाली घालून लिहून घेतलं. चेहऱ्यावरून काही समजलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. काढा बंद झाला तरी रक्ताच्या तपासणीतला काविळीचा आकडा वरच जात होता. रोज डॉक्टरीणबाई काकूंना दोन्ही हात पुढे करून तळवे ताठ धरायला सांगायच्या आणि बोटांकडे पाहत राहायच्या. हात फडफडायला लागले, तर विष मेंदूपर्यंत पोचलं असं समजायचं, हे त्यांनी मला व्हरांड्यात हळूच सांगितलं. मग मीही काकूंशी बोलताना त्यांच्या हातांकडेच पाहायला लागले. एका दुपारी त्यांनी मला त्यांच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. काका बाहेर निघून गेले. मी काकूंचा हात धरून बसले आणि तो फडफडतो का ते पाहत राहिले.

पण ते तिथवर गेलं नाही. आकडा आधी थांबला, मग हळूहळू उतरू लागला. काकूंनी स्वतःहून भात मागितला तेव्हा काका रडले.

दरम्यान मी सरांकडे गेले. जुना नमुना आणि नवा तुकडा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी दोन्हींवरून बोट फिरवलं. नव्या तुकड्याच्या गाठींवर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं.

"ही नोंदच काढून टाकू," ते म्हणाले. "पेपर स्वच्छ राहील."

"नाही सर. दोन्ही वेली लिहू. एक गेली, दुसरी तिच्या नावाने आली, हे लिहू."

"परीक्षक हजार प्रश्न विचारतील."

"विचारू देत."

आठवड्याने सरांनी स्वतः सांगून दोन परिच्छेद टाइप करून घेतले. पुढे काही महिन्यांनी पेपर स्वीकारला गेला आणि छापून आला. दुसऱ्या परीक्षकाने शेवटच्या फेरीत फक्त एवढंच विचारलं होतं, की त्या बाई कशा आहेत.

पण त्याच्या कितीतरी आधी, काकू हॉस्पिटलात असतानाच, सगळं सुरळीत झालं असं मी धरून चालले होते. काकू घरी यायच्या आदल्या दिवशी मी त्यांना सांगितलं, की वेल मुळासकट काढून जाळून टाकली. त्यांनी ऐकलं आणि उशीवरून मान उचलली.

"अन् मी दिलेल्या?"

"कुणाला दिलेल्या?"

"तुकडे गं. किती वाढली होती ते. मागंल त्याले दिले मी."

काकूंनी एकेक करून आठवलं. दोघी आमच्याच टाउनशिपमधल्या, त्यांच्या कुंड्या मी त्याच संध्याकाळी रिकाम्या केल्या. एक तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून पुण्याला गेला होता, तिथे फोन करून कळवलं. तो रुजलाच नव्हता. उरली एक बाई. देवळात भेटायची, काकूंना तिचं नाव माहीत नव्हतं. "अवधपुरीची आहे म्हणे. सासऱ्यासाठी नेली तिनं."

अवधपुरी आता लांबच लांब पसरली आहे. कारखान्याच्या भिंतीपलीकडे गल्लीमागून गल्ली उभी राहते आहे, आणि गिलोय तिथे घरटी एक. मी रविवारी सकाळी फिरू लागले. ग्रिलवर, गच्चीच्या पाइपवर, बाल्कनीत वेली पाहत. बहुतेक खऱ्या गुळवेलीच होत्या, कागदासारखी साल सुटणाऱ्या. लोक मला पालिकेची बाई समजत.

मग एका नव्या दुमजली घराच्या फाटकावर ते खोड दिसलं. अंगठ्याएवढं, गाठीगाठींचं. मी बेल वाजवली. जाळीच्या दारामागे एक बाई आली. मी सगळं सांगितलं, मोबाइलमध्ये फोटो दाखवले, काकूंची हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकलं.

"आप कोई डॉक्टर हैं?"

"नहीं. कॉलेज में पढ़ाती हूँ."

"बाबूजी रोज़ पीते हैं. उन्हें तो बहुत आराम है," ती सासऱ्यांविषयी म्हणाली आणि आतलं लाकडी दार लावून घेतलं.

मी चिठ्ठीवर माझा नंबर आणि हॉस्पिटलचा पत्ता लिहिला, ती फाटकातून आत टाकली. डॉक्टरीणबाईंनाही कळवून ठेवलं. फोन आला नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा त्या गल्लीत गेले तेव्हा फाटक आतून बंद होतं, बेल काढून टाकली होती, आणि कुणीतरी नवी सुतळी बांधून वेलीला वरच्या मजल्यावर जायला वाट करून दिली होती.