निळ्या काठाची पट्टी

सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फेसबुकवर त्यांच्याबद्दल लिहिलं. अंथरुणाला खिळलेल्या बाईचं सहा महिने करणं म्हणजे काय असतं, नाकातल्या नळीतून मुगाचं पाणी कसं सोडायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस कशी बदलायची, सगळं. मी शाळेत शिकवते, लिहायला बसले की हात थांबत नाही. त्यांना मी आत्या म्हणायची, तेच नाव लेखाला दिलं. संध्याकाळपर्यंत आमच्या वाशी गावातल्या निम्म्या बायकांनी खाली हात जोडले होते. 'ताई, लेकीवाणी केलंत' असं कुणी लिहिलं की मी मोबाईल मिस्टरांसमोर धरायची. ते 'व्हय व्हय' म्हणून परत शेतावर जायचे. मला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरांना खिचडी वाढून झाली आणि मी सहज मोबाईल उघडला. 'खरं बोला' नावाचं एक खातं. फोटोच्या जागी सूर्यफूल. खाली लिहिलेलं:

'लेकीवाणी केलं म्हणं. म्हातारीचे हात खाटंला बांधून ठेवले हुते ह्या बाईनं. जुनं पातळ फाडून, निळ्या काठाच्या पट्टीनं, जनावराला बांधत्यात तसं. दुपारचं ऊन दारात आलं की म्हातारी सोडा सोडा करून रडायची. आता लेख लिहिती.'

माझ्या हातातला डाव तसाच पातेल्यात पडला. एक पोरगी म्हणाली, "बाई, अजून थोडी वाढा की." मला ती दिसत होती, पण काय म्हणते ते डोक्यात शिरत नव्हतं. धक्का शिव्यांचा नव्हता. शिव्या देणाऱ्याला मी सरळ केलं असतं, तेवढं तोंड देवानं मला दिलं आहे. धक्का याचा होता की ते खरं होतं.

हात बांधले होते. आत्यांचं डोकं अधूनमधून फिरायचं आणि त्या नळी उपसून काढायच्या. तीनदा काढली. तिसऱ्या वेळी रक्त आलं, तेव्हा डॉक्टरच म्हणाले, हात बांधा, नाहीतर नळी टिकायची नाही. मी माझं सुती पातळ फाडलं, मनगटाला आधी कापूस गुंडाळला आणि वरून पट्टी. गाठ मारायला मिस्टरांनी शिकवलं. वासराला बांधतात ती सुरगाठ, टोक ओढलं की एका हिसक्यात सुटते. रात्रंदिवस बांधत नव्हतो. मी घरी असले की हात मोकळे, मी शेजारी बसायची. शाळेला निघताना तेवढे बांधायची. हे मी लेखात लिहिलं नाही. का नाही लिहिलं, याचं उत्तर मी तेव्हा स्वतःला देत नव्हते.

दोन दिवसांत हात जोडणाऱ्या बायका गप्प झाल्या. ज्यांनी 'लेकीवाणी' लिहिलं होतं त्यातल्या दोघींनी ते काढून टाकलं. बाजारात भाजी घेताना एक ओळखीची बाई मला बघून पलीकडच्या पालावर गेली. आणि दुसरीतल्या एका पोराची आई शाळेच्या फाटकाशी थांबली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, राग धरू नका, पर ते खरंय का?" ती पोरगं माझ्या हवाली करते रोज. तिला विचारायचा हक्कच होता. मी "नाही" म्हणाले. एकवीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून सांगणारी बाई फाटकात उभी राहून खोटं बोलली.

घरी आले ती तणतणतच. संशय सरळ नणंदेवर. नणंद जळकोटला दिली आहे, आईच्या आजारात दोनदा येऊन गेली होती आणि दोन्ही वेळा माझ्या कामात चुका काढून गेली होती. मी फोन लावला आणि तिला बोलूच दिलं नाही. तोंडाला येईल ते बोलले. समोरून नेहमीसारखा आवाज चढेल म्हणून वाट बघत होते, पण ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "वैनी, आईचे हात बांधत होता तुमी?"

मी म्हणाले, माहीत नसल्यासारखं कशाला विचारायचं?

"म्या आले तवा दोन्ही येळंला हात मोकळेच हुते. मला कुणी सांगितलं न्हाई. आईला बांधत होता व्हय?" आणि ती रडायला लागली. लेकीला ही गोष्ट सांगितली ती मीच, आणि तीही शिव्या देत देत.

फोन ठेवल्यावर मी ते सूर्यफुलवाल्याचं लिहिणं पुन्हा वाचलं. यावेळी वह्या तपासते तसं एकेक शब्द धरून. दुपारचं ऊन दारात आलं की. आमच्या घराला पश्चिमेचं दार आहे, ऊन दारात येतं तेव्हा तीन वाजलेले असतात. तीनला मी शाळेत असते. शेजारीपाजारी यायचे ते पाचनंतर, कारण त्याआधी कुणी यायचं नाही हा नियम मीच केला होता. दाराला आतून कडी असायची. दुपारी तीन वाजता आत्यांच्या खाटेजवळ एकच माणूस असायचा.

मी तशीच ओसरीवर बसून राहिले. पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती. चोवीस वर्षांचा संसार, एका ताटात जेवलो, आणि हा माणूस सूर्यफुलाच्या आड बसून मला 'ही बाई' म्हणतो. राग नंतर आला.

मिस्टर उन्हात घातलेलं सोयाबीनचं बी पोत्यात भरून घेऊन आले. मी मोबाईल पुढं धरला. या वेळी ते 'व्हय व्हय' म्हणाले नाहीत. पोतं खाली ठेवलं, वाकून त्याचं तोंड उगीच नीट करत राहिले.

"तुम्ही लिहिलंत?"

"म्या लिवलं."

नाकारतील, चिडतील, असं काहीतरी मी धरून चालले होते.

"का?"

"सहा महिने रोज दुपारी म्या बसलो तिच्यापाशी. तुझ्या लेखात म्या कुठंबी न्हाई," ते म्हणाले. मग पोत्याचं तोंड आवळत, "आन् तिचं रडनंबी न्हाई."

तिथं माझा तोल सुटला. मी ओरडले. म्हणाले, गाठ तुम्हीच शिकवली होती मला, सुरगाठ होती, एका हिसक्यात सुटली असती. आई समोर रडत होती तुमची. हात होते ना तुम्हाला? का नाही सोडली?

त्यांनी मान वर केली. "सोडली आन् तिनं नळी काढली असती तर? घरी आल्यावर तू काय म्हनली असतीस? तुझ्या तोंडाचं भ्या वाटायचं मला. तिलाबी वाटायचं."

मी म्हणाले, आत्यांना कशाला वाटेल, माझ्यापुढं तर त्या कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत.

"न्हाईच बोलायची," ते म्हणाले. "तुझी गाडी वाजली की गप व्हायची."

सकाळी पट्टी बांधताना आत्या दोन्ही हात स्वतः पुढं करायच्या. सहा महिन्यांत एकदाही त्या मला 'सोड' म्हणाल्या नव्हत्या. मला वाटायचं, त्यांना पटलंय. लेखात मी लिहिलं होतं, आत्यांनी कधी एका शब्दानं तक्रार केली नाही.