भाऊजींचा कान

माझ्या ताईचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, गाड्या दुरुस्त करतात असं कुणी म्हटलं की त्यांना राग येतो. ते गाड्या ऐकतात. दुरुस्ती काय, कुणीही करतं म्हणे! गिऱ्हाइकांनी त्यांना कानसेन म्हणायला सुरुवात केली ती थट्टेनं. भाऊजींनी मात्र ती पदवी समजून मिरवायला घेतली. थट्टा त्यांना कळत नाही असं नाही, पण सोयीची नसेल तर ते ती कळून घेत नाहीत.

त्यांच्याकडे गाडी नेली की आपण तोंड उघडायचं नाही, हा नियम. "अहो, चढावर जरा..." एवढं म्हणेपर्यंत त्यांचा हात वर. "तुम्ही थांबा. तिला बोलू द्या." मग हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. चेहरा असा, की आतून कुणी शेजारच्या घरातली भानगड सांगतंय. आणि कॉम्प्युटर लावून बिघाड शोधणाऱ्यांचा विषय निघाला, की ताई शेगडी बंद करूनच ऐकायला बसायची. तासाची निश्चिंती!

मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून "क्लच, क्लच, अहो क्लच दाबा!" असं ओरडायचं, हा माझा धंदा. दुसऱ्या गिअरच्या वर जाणं माझ्या नशिबातच नव्हतं. म्हणून मी हौसेनं एक जुनी, टर्बोवाली, लाल, जमिनीला पोट घासणारी गाडी घेतली. भाऊजींना न विचारता. आधीच्या मालकानं तिला दामटून दामटून पार खिळखिळी केली होती, हे गाडी दारात आल्यावर कळलं. तिची दुखणी दोन. खराब रस्त्यावर पुढून डावीकडे ठकठक वाजायचं, आणि चढावर पाय दाबला की जोर यायच्या ऐवजी जायचा. एका चढावर तर माझ्याच एका विद्यार्थिनीनं मला मागे टाकलं. वर हात हलवून गेली, बया!

भाऊजी गाडीभोवती एक फेरी मारून आले. "लग्न ठरवताना मला विचारलंस, आणि गाडी घेताना नाही विचारलंस?"

"तेव्हा तुमचं ऐकलं होतं, म्हणूनच," मी म्हटलं.

ठकठक त्यांनी चुटकीसरशी पकडली. ते शेजारी बसले, मी वर्कशॉपसमोरच्या उखडलेल्या रस्त्यावरून गाडी नेली, आणि कोपरा यायच्या आत भाऊजी म्हणाले, "थांब. सांधा झिजलाय." गाडी जॅकवर चढवून त्यांनी चाकामागची बोटभर जाडीची दांडी हलवून दाखवली. तिच्या टोकाचा सांधा खुळखुळ्यासारखा वाजत होता. दांडी बदलली, ठकठक बंद. त्या दिवशी जेवताना दुसरा विषय नव्हता. ताईनं मीठ मागितलं तरी भाऊजी सांधा कसा ओळखला तेच सांगत होते.

जोराचं मात्र काही केल्या जमेना. प्लग बदलले, फिल्टर बदलला, पेट्रोलचा पंप उघडून पाहिला. भाऊजी रोज स्क्रू ड्रायव्हर कानाला लावायचे, रोज "हं" म्हणायचे, आणि गाडी चढावर रोज माझी शोभा करायची. अखेर त्यांनी जाहीर केलं, "टर्बोच गेलाय. हवा दाबून भरणारा तो पंखाच उतरवावा लागेल."

आता माझी जीभ, ती काय गप्प बसते? "एकदा कॉम्प्युटरवाल्याकडे दाखवून आणू का?" मी म्हटलं.

"ने ना. खुशाल ने. मी शटर ओढून घरी बसतो." आणि हातातलं फडकं आपटून ते बाहेर गेले.

ताईनं मला दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं. वर्कशॉपच्या मागेच त्यांचं घर आहे, मधे फक्त एक दार. तिथं ती चक्क कुजबुजून बोलायला लागली. त्या घरात सगळे इतके ओरडून बोलतात, की साधा चहा विचारला तरी भांडण झाल्यासारखं वाटतं. त्यामुळे मी चपापलेच. "हल्ली गाड्या परत येतात गं," ताई म्हणाली. "माणसं तोंडावर काही बोलत नाहीत, पण दुसरीकडे नेतात. तुझीही दुसरीकडे गेली, तर हे खरंच शटर ओढतील. मी ओळखते ना. हात जोडते, कुठे नेऊ नकोस."

मी कुठली नेते! माझी गाडी चढली नाही तर नाही, पण भाऊजी घरी बसून भिंतीकडे बघताहेत हे चित्र मला सोसलं नसतं. चिडवायला माणूस शिल्लक हवा की नको?

टर्बो उतरवायच्या आधी "शेवटचं एकदा ऐकतो" असं भाऊजी म्हणाले. चाकांखाली ठोकळे लावले, बॉनेट उघडलं, आणि मला आत बसवलं. "हँडब्रेक ओढ, क्लच अर्धा सोड, आणि पाय दाब. आपण चढावर आहोत असं तिला वाटलं पाहिजे." उभ्या गाडीला असं छळायचं काम माझे विद्यार्थी न शिकवता करतात, मला तर काय अवघड! गाडी मागून दबली, इंजिन गुरगुरलं, आणि त्या गुरगुरण्यावर एक बारीक, लांबलचक आवाज निघाला. सुऽऽस.

"सापडलं!" मी खिडकीतून ओरडले. "ऐकलीत ना फुसफुस?"

"कसली फुसफुस?"

"भाऊजी, चेष्टा पुरे हं. क्लच जळतोय माझा."

तेवढ्यात ताई ओल्या कपड्यांची बालदी घेऊन मागच्या दारात आली. "अगंबाई, केवढ्यानं फुसफुसतेय ही!" असं बोलून गेली, आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला.

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. स्क्रू ड्रायव्हर या कानाचा त्या कानाला लावला. "पुन्हा कर," म्हणाले. मी पुन्हा केलं. आता ते गाडीकडे बघतच नव्हते, आमच्या तोंडांकडे बघत होते. आवाज सुरू झाला तो त्यांना आमच्या चेहऱ्यांवरूनच कळला.

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवला, आणि टर्बोपासून निघणाऱ्या जाड रबरी पाइपाच्या खालून तळहात हळूहळू फिरवत नेला. एका जागी हात थांबला. "इथं वारा लागतोय," ते म्हणाले. पाइप खालच्या बाजूनं चिरला होता. गाडीला जोर लागला की चीर उघडायची आणि दाबून भरलेली हवा बाहेर जायची. पाय काढला की चीर मिटून सोज्ज्वळ दिसायची. टर्बो धडधाकट होता.

मी इंजिन बंद केलं. एरवी मी यावर भाऊजींना वर्षभर पुरेल इतकं पिडलं असतं. पण मला रडू येत होतं, मेलं.

"कधीपासून?" त्यांनी ताईला विचारलं.

"झाली बरीच वर्षं. आधी कपड्यांच्या मशीनची शिट्टी गेली. मग थर्मामीटरची. बारीक आवाज तेवढे जातात. जाडे ऐकू येतात तुम्हाला."

"आणि सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? कानसेनांना?"

भाऊजी स्टुलावर बसले. "मग आता शटर उघडायला नको."

"आणि घरी बसून काय करणार? माझं डोकं खाणार?" ताई नेहमीच्या आवाजात ओरडली. "हातानं सापडली ना चीर? मग? आणि कानात घालायचं यंत्र मिळतं. माणसं घालतात, मरत नाहीत त्यानं!"

यंत्र म्हटल्यावर भाऊजींचं नाक वर गेलंच. पण त्यांनी स्टूल ताईकडे ओढलं. म्हणाले, "आणखी काय गेलं? सगळं सांग."

ताईनं बालदी खाली ठेवली. "चिमण्या."

"चिमण्यांचं काय? त्या तर गेल्याच. मीच म्हणालो होतो तुला, आपल्याकडच्या चिमण्या गेल्या म्हणून. आणि तूही म्हणालीस, हो ना, किती दिवसांत चिवचिवाट नाही."

"म्हणाले."

"मग?"

"रोज सकाळी येतात हो. आपल्याच खिडकीशी. झोपू देत नाहीत मला."

मला वाटलं, आता भाऊजी भडकतील. पण त्यांनी विचारलं, "ते यंत्र घातलं की ऐकू येतील?"

"येतील."

"नक्की?"

"येतील म्हणाले ना!" ताई ओरडली, आणि ओरडता ओरडताच रडायला लागली.

भाऊजी उठले. हात पुसून त्यांनी कपाटातून नवा पाइप काढला. "हा एवढा बसवतो, मग निघू," ते मला म्हणाले. "तू चालव. आणि जरा जोरात चालव बाई, दवाखाना बंद व्हायच्या आत पोचायचंय."