सोनेरी भिंतीला पांढरा ऑईलपेंट

गेल्या मंगळवारी मी माझ्या नातीचं अख्खं वर्ष एका ब्रशने पुसलं. लिहून ठेवते, म्हणजे परत कुणी मला शहाणी म्हणायला नको.

मुक्ता आर्किटेक्चर शिकते. एका विषयात आधीच एकदा नापास झालेली... या वेळीही राहिला तर कॉलेज बंद, असं तिच्या बापाने, म्हणजे माझ्याच पोराने, सांगून ठेवलेलं. सगळं एका मॉडेलवर अडलेलं.

मॉडेल तुर्कस्तानातल्या एका बायझन्टाईन चर्चचं. हजार-दीड हजार वर्षं जुनं. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा, तर कोपऱ्यांत चार वाकडे त्रिकोण घालून सगळा भार खांबांवर उतरवलाय त्या लोकांनी. घुमटाच्या बुडाशी खिडक्यांची रांग, उजेड आला की घुमट अधांतरी वाटतो म्हणे. आमच्या सातपूरच्या बिल्डरने चौकोनावर चौकोन ठेवला, तरी स्लॅब गळतो.

आतल्या भिंतींवर तिने सोनेरी कागदाचे तिळाएवढे तुकडे चिमट्याने चिकटवले होते. तीन आठवडे तेच चाललं होतं. आणि अर्ध्या भिंतीवर मुद्दाम पोपडे धरलेला चुना.

मुद्दाम... हे मला कुठे ठाऊक.

घट बसायच्या आधीची आवराआवर चालू होती. देवघराचा कोनाडा रंगवला, डब्याच्या तळाला थोडा ऑईलपेंट उरला. मॉडेलचे पोपडे दिसले, वाटलं पोरगी दमली, अर्धवट टाकलंय. अर्धं सोनेरी, अर्धं पांढरं कशाला, म्हणून आतून-बाहेरून दोन-दोन हात मारले.

मुक्ता झेरॉक्स काढून आली. ब्लेडने खरवडायला बसली, तर रंगाबरोबर सोनेरी कागदही सोलून यायला लागला.

"आजी, राज्य बदलून चर्चची मशीद झाली तेव्हा तिथल्या चित्रांवरही चुना फासला होता," ती मान खाली घालूनच म्हणाली. "शेकडो वर्षांनी तो काढला, तर खाली सोनं तसंच. तू ऑईलपेंट मारलास."

"मग सांग सरांना, म्हातारीने केलं म्हणून."

"सर म्हणतील, व्हायवालाही तिलाच पाठव."

दुसऱ्या दिवशी ते पांढरं भूत मांडीवर घेऊन रिक्षाने गेली. संध्याकाळी आली ती चप्पल न काढताच खुर्चीत बसली. सरांनी तोंडावरच सांगितलं होतं... विषय राहिला.

पोरगा ड्युटीवरून आला तशी मी दारातच उभी राहिले. म्हटलं, "चूक माझी आहे. काय बोलायचं ते मला बोल. तिचं कॉलेज बंद करायचं नाही."

तो बुटांची लेस सोडत राहिला. "बघू, आई."

शिव्या दिल्या असत्या तर भांडले असते मी, भांडायला मी कुणाला ऐकत नाही. पण चौथीनंतर माझ्या शाळेचं काय, असं मी विचारलं होतं, तेव्हा माझा बापही एवढंच म्हणाला होता... बघू.