टाकी काठोकाठ भरली होती का?

“मॅडम, हा आकडा माझ्या नांगराचा असूच शकत नाही.”

काळ्यांचा आवाज चढला नव्हता, पण चेहरा उतरला होता. पलटी नांगराचं त्यांचं हे पहिलंच मॉडेल. कर्वेनगरच्या घरी रात्रंदिवस ड्रॉइंग काढून त्यांनी ते बनवलं होतं. पुण्यात, भर शहरात, आमच्या कॉलेजचं शेत आहे. तिथे मी नांगरांच्या फील्ड टेस्ट घेते. नांगर किती खोल जातो, तासाला किती जमीन नांगरून होते, डिझेल किती लागतं, ते मोजायचं. खोली ठीक होती, वेग ठीक होता. डिझेल मात्र मर्यादेच्या बरंच वर. म्हणजे नापास.

डिझेल मोजायची रीत साधी आहे. टाकी काठोकाठ भरायची, आखलेला तुकडा नांगरायचा, मग मोजपात्राने टाकी पुन्हा काठोकाठ भरायची. ओतलं तेवढा खर्च.

“आकडा आला ना? मग सही करा,” आमचे जोशी सर म्हणाले. “काळ्यांचा चेहरा हा टेस्टचा भाग नाही.”

पेन उघडलं, पण हात चालेना. शेतावर जाऊन मी ड्रायव्हर सोपानकाकांना विचारलं, “टाकी कुठे भरली होती?”

“सकाळी बांधाजवळ, उतारावर. दुपारी शेडपुढं कोब्यावर. तुमी व्हताच की दोन्ही टायमाला.”

होते खरी. टाकीचं तोंड एका कडेला. उतारावर ते खालच्या अंगाला आलं, त्यामुळे डिझेल तोंडाशी आलं तरी वरचा कोपरा रिकामाच राहिला. दुपारी सपाटीवर तो कोपराही भरला, आणि तेवढं डिझेल मी नांगराच्या नावावर टाकलं. मी तशीच जोशी सरांकडे गेले.

“सर, चूक नांगराची नाही. माझी आहे.”

सरांनी चष्मा काढला. “बरं झालं, सही व्हायच्या आधी सुचलं. उद्या परत घ्या.”

दुसऱ्या दिवशी शेजारचाच तुकडा घेतला. टाकी दोन्ही वेळा कोब्यावर भरली. काळे पाठमोरे उभे होते. मी आकडा वाचला. मर्यादेच्या आत. फार आत नाही, पण आत.

काळे तिथेच पायरीवर बसले. “मॅडम, आता चहा चालेल. कालपासून घशाखाली काही उतरलं नाही.”

मीही शेजारी बसले. माझीही तीच गत होती.

नांगर काही अफलातून नव्हता. बरा होता, बऱ्यासारखा पास झाला. आमच्या फॉर्मवर मात्र तेव्हापासून एक ओळ वाढली: ‘टाकी भरताना ट्रॅक्टर सपाटीवर होता का?’ आकड्याचं काय, ट्रॅक्टर जिथे उभा कराल तिथलंच तो सांगतो.